नेक्सकार-१९
बी-पेशींच्या उलटलेल्या रक्तकर्करोगावरील, भारतात विकसित झालेली पहिली कार-टी पेशी उपचारपद्धती. मुंबईची आयआयटी, टाटा स्मारक केंद्र व इम्युनोॲक्ट कंपनी यांनी ती घडवली. रुग्णाच्याच टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) काढून, प्रयोगशाळेत त्यांत जनुकीय बदल करून त्या शिरेवाटे परत सोडतात. मग त्या सीडी१९ प्रथिन असलेल्या बी-पेशी हुडकून मारतात. उपचारात्मक लसीहून ही पद्धत वेगळी आहे. लस शरीराला शत्रू ओळखायला शिकवते. इथे मात्र तयार करून दिलेल्या पेशीच लढतात. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील ॲक्ट्रेक संस्थेत २०२१ साली पहिल्या रुग्णावर उपचार झाले. पुढे ६४ रुग्णांच्या चाचणीत सुमारे ७३ टक्के प्रतिसाद आढळला. औषध नियंत्रकांची मान्यता ऑक्टोबर २०२३ मध्ये मिळाली. परदेशाच्या मानाने खर्च पुष्कळच कमी, तरी तो लाखांत जातो. त्यामुळे दुष्काळी तालुक्यातील शेतकरी कुटुंबाला तो झेपणारा नाही. ही या उपचाराची सर्वांत मोठी उणीव होय.