झळ कशी लागते, कुणाला लागते

'गरिबीत मुलं बिघडतात' असं आपण किती सहज बोलून जातो! पण कशामुळे? आणि सगळीच का नाही?

१९२९ नंतरच्या मंदीत कॅलिफोर्नियातल्या कितीतरी बापांची कमाई बुडाली. समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी ओकलंडच्या १९२०-२१ साली जन्मलेल्या १६७ मुलांच्या नोंदींवरून १९७४ साली पुस्तक लिहिलं. पुढे बर्कलीची, १९२८-२९ साली जन्मलेली मुलंही अभ्यासली. पैसा गेला की बाप चिडका होई आणि ती चीड मुलांवर निघे. तंगी मुलांपर्यंत पोचली ती अशी. बापाची चीड हा झाला मध्यस्थ घटक. ओकलंडची मुलं तेव्हा मोठी होती, बरीचशी सावरली. बर्कलीची लहान, त्यातही मुलगे, जास्त होरपळले. वय काही पोचवत नाही, फक्त झळ कमी-जास्त करतं. तो नियामक घटक.

संशोधकही या दोन्हींची गल्लत करत, म्हणून १९८६ साली बॅरन आणि केनी यांनी फरक नीट मांडून दाखवला.

मला हा नुसता शब्दांचा खेळ वाटत नाही. नियामक कळला की मदत आधी कुणाला करायची ते कळतं, मध्यस्थ कळला की कुठे करायची ते. मुलाचं वय काही बदलता येत नाही. बापाचा चढलेला आवाज मात्र खाली आणता येतो.