विलेपार्ल्याची पोटनिवडणूक

विधानसभेची एखादी जागा मध्येंच रिकामी झाली, म्हणजे ती भरण्यासाठीं पोटनिवडणूक घ्यावी लागते. तिनें सरकार सहसा पालटत नाहीं, म्हणून लोकही तिला लौकर विसरतात. मुंबईंतील विलेपार्ले मतदारसंघाची पोटनिवडणूक मात्र देशाच्या न्यायेतिहासांत कायमची नोंदली गेली.

मतदान १३ डिसेंबर १९८७ रोजीं झालें. शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू विजयी झाले. काँग्रेसचे प्रभाकर कुंटे पराभूत झाले. कुंटे यांनीं मुंबई उच्च न्यायालयांत दाद मागितली. शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांनीं प्रचारसभांतून धर्माच्या नांवानें मतें मागितलीं, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमान्वयें असें करणें हें भ्रष्ट आचरण होय; आणि उमेदवाराच्या संमतीनें दुसऱ्यानें तें केलें, तरी उमेदवाराची निवड रद्द होऊं शकते. उच्च न्यायालयानें १९८९ सालीं ही निवडणूक रद्द ठरविली. सर्वोच्च न्यायालयानें ११ डिसेंबर १९९५ रोजीं तो निर्णय कायम केला.

हिंदुत्व हा शब्द नुसता उच्चारिल्यानें धर्माचें आवाहन होत नाहीं, तो जीवनपद्धतीचाही वाचक असूं शकतो, हें न्यायालयाचें मत सर्वांच्या ध्यानांत राहिलें. त्यावर वादही पुष्कळ झाले. परंतु त्याच निकालाचा दुसरा भाग बहुतेकांच्या विस्मृतींत गेला. शब्द कोणत्या हेतूनें योजिला, हें त्या त्या भाषणावरूनच ठरवावयाचें असतें. आणि या कसोटीवर तीं भाषणें दोषी ठरलीं. प्रभूंची निवड रद्दच राहिली. पुढें ठाकरे यांचा मतदानाचा हक्कही सहा वर्षांसाठीं काढून घेण्यांत आला.

२०१७ सालीं, शेजारच्या सांताक्रूझ मतदारसंघांतील १९९० च्या निवडणुकीवरून निघालेल्या खटल्यांत, सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांपैकीं चौघांनीं या कलमाचा अर्थ अधिक व्यापक केला. उमेदवाराच्या धर्माप्रमाणेंच मतदाराच्या धर्माच्या नांवानेंही मत मागणें निषिद्ध ठरलें.

१९९५ चा निकाल लागला, तेव्हां त्या विधानसभेची मुदत संपून पांच वर्षें लोटलीं होतीं. त्या जागेपुरता हा न्याय उशिरांच आला, ही उणीव मान्य केली पाहिजे. तथापि मत कशाच्या नांवानें मागावें व कशाच्या नांवानें मागूं नये, हा प्रश्न प्रत्येक निवडणुकींत आपल्या दारीं येतो. त्याचें उत्तर देतांना विलेपार्ल्याच्या निकालाचे दोन्ही भाग आपण ध्यानांत ठेवावे, इतकें सुचवून आजचें भाषण पुरें करितों.