कर्ण्यापासून स्ट्रीमिंगपर्यंत : नांदेड-लातूरच्या घरांत आवाज कसा आला?

१/
नांदेड किंवा लातूरच्या घरात आज गाणे ऐकण्यासाठी यंत्रे निवडायची म्हटले, की चर्चा स्ट्रीमर, डॅक, अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर यांच्या किमतींपासून सुरू होते. गेल्या शतकभरात मात्र मराठवाड्यात ही निवड केवळ किमतीची नव्हती. घरात कोणते यंत्र आले, त्यावर त्या घरात कोणाचा आवाज येणार हे ठरत असे.

२/
आरंभ ग्रामोफोनपासून. मनमाड-हैदराबाद लोहमार्गावर नांदेड होते. लातूरला बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये पोहोचली. बाहेरचा माल येण्याच्या वाटा अशा खुल्या झाल्या. चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नसे, ही वीज नसलेल्या गावांसाठी त्याची सर्वांत मोठी पात्रता होती. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावे. अब्दुल करीम खाँ यांचा राग असो वा बालगंधर्वांचे नाट्यपद, त्याला या मापात बसावे लागे.

३/
या यंत्रात स्रोत, ध्वनिवर्धन आणि कर्णा एकाच पेटीत होते. निवडीचा प्रश्न एकच : कोणत्या तबकड्या विकत घ्यायच्या? घेतलेली तबकडी मात्र त्या घराची होई. ती फुटेपर्यंत कोणी परत मागू शकत नसे.

४/
रेडिओने हे समीकरण बदलले. हैदराबाद संस्थानाने १९३५ मध्ये तेथील नभोवाणी केंद्र आपल्या ताब्यात घेतले. हाच पुढचा ‘डेक्कन रेडिओ’. त्याच्या कार्यक्रमांत उर्दूचे प्राबल्य होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या शरणागतीची घोषणाही याच रेडिओवरून झाली. मराठवाड्यातील मराठी श्रोत्यासाठी राजधानीचा आवाज आणि घरातली भाषा वेगवेगळ्या होत्या.

५/
मराठी कार्यक्रम मनसोक्त ऐकायचे तर मुंबई-पुण्याकडे वळावे लागे. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभरात त्याची ५६ गीते प्रसारित झाली. तेव्हा नांदेड आणि आजच्या लातूर जिल्ह्याचा प्रदेश हैदराबाद राज्यातच होता. द्विभाषिक मुंबई राज्यात तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी आला.

६/
मध्यम लहरींवरचे दूरचे केंद्र दिवसा क्षीण आणि रात्री स्पष्ट ऐकू येते. म्हणून रेडिओ निवडताना संचाची संवेदनशीलता, छपरावरची उंच एरियल आणि जमिनीत नीट रोवलेली अर्थिंगची तार या गोष्टी पेटीच्या दिखाऊपणापेक्षा मोलाच्या होत्या. वीज नसेल तर वजनदार बॅटरीचा खर्च वेगळा, आणि टपाल कार्यालयात भरायचे परवाना शुल्क त्याहून वेगळे. १९६० च्या दशकात ट्रान्झिस्टर पसरला, १९६८ मध्ये परभणी केंद्र सुरू झाले, आणि मराठवाड्याचा आवाज जवळून येऊ लागला.

७/
दोन वाहिन्यांची कल्पना या साऱ्याच्या आधीची. इंग्लंडमधील ईएमआय कंपनीचे अभियंता अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी डिसेंबर १९३१ मध्ये त्रिमितीय भासाच्या ध्वनिमुद्रणासाठी पेटंटचा अर्ज केला. दोन कानांना किंचित निराळे संकेत मिळाले, की मेंदू आवाजाची दिशा ठरवतो, हे त्यामागचे तत्त्व. स्टिरिओ तबकड्या बाजारात येण्यास मात्र १९५० च्या दशकाची अखेर उजाडली.

८/
सामान्य घराला खरा अधिकार दिला तो कॅसेटने. फिलिप्सने १९६३ मध्ये तिचे पहिले प्रदर्शन केले. १९८० च्या दशकात ती भारतभर स्वस्त झाली. रेडिओ आणि तबकडी फक्त ऐकवत होत्या, टेपरेकॉर्डर मुद्रितही करू लागला. मोठ्या कंपन्यांनी ज्यांच्याकडे फारसे पाहिले नव्हते अशी भीमगीते, शाहिरी, भारुडे आणि कीर्तने छोट्या निर्मात्यांनी बाजारात आणली. शिवाय घरचा हरिपाठ, आजीच्या ओव्या, गावातला सप्ताह हे सारे ‘टू-इन-वन’वर टिपले गेले.

९/
श्रोत्याच्या खोलीचाही इतिहास आहे. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवद ही येथील जुन्या घरांची रीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात याच बांधणीने हजारो जीव घेतले. पुनर्वसनात सिमेंट-काँक्रीटची घरे उभी राहिली. घर अधिक सुरक्षित झाले, हेच महत्त्वाचे. ध्वनीपुरते बोलायचे तर गुळगुळीत भिंती, स्लॅब आणि फरशी आवाज परत फेकतात, शब्द एकमेकांत मिसळतात. सतरंजी, जाड पडदा, भरलेले पुस्तकांचे कपाट हे त्यावरचे स्वस्त उपाय.

१०/
या इतिहासातून आजच्या निवडीचा क्रम निघतो. पूर्वी स्रोत दुर्मीळ होता, म्हणून पैसा रेडिओच्या संवेदनशीलतेवर खर्च होई. आता साधा स्ट्रीमरही सीडीच्या दर्जाचा, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा आणि १६ बिटांचा, संकेत देतो. म्हणून खर्चाचा मोठा वाटा स्पीकर आणि खोलीकडे जावा. ८६ डेसिबलऐवजी ८९ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर घेतला, तर तेवढ्याच आवाजाला निम्मे वॅट पुरतात. विजेचा दाब वरखाली होणाऱ्या भागात स्टॅबिलायझर हाही या साखळीचाच दुवा आहे.

११/
स्ट्रीमिंगमध्ये तबकडीची मालकी मात्र नाही. वर्गणी थांबली की संग्रह थांबतो. त्याहून गंभीर बाब अशी, की छोट्या निर्मात्यांच्या असंख्य कॅसेटी आणि घरगुती मुद्रणे या सेवांच्या यादीत नाहीत. त्यांची फीत दमटपणाने बुरसते, चुंबकीय लेप झडतो, आणि नीट चालणारे डेक दरवर्षी कमी होत आहेत. तबकडी अचानक फुटे. फीत हळूहळू मुकी होते.

१२/
म्हणून अ‍ॅम्प्लिफायर निवडताना त्याला मागच्या बाजूस अ‍ॅनालॉग इनपुट आहे का, हे पाहणे महत्त्वाचे ठरते. तेथे जुना डेक जोडता येतो. हेड स्पिरिटने पुसून, कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून, डेकचे लाइन-आउट संगणकाला जोडलेल्या साध्या ऑडिओ इंटरफेसमध्ये दिले की मुद्रण फाइलच्या रूपात उतरते. ती घरातील डिस्कवर ठेवली, तर तोच स्ट्रीमर ती वाजवू शकतो. बहुतेक घरगुती मुद्रणे एकाच वाहिनीची असतात. दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसले, की आवाज समोरून आल्यासारखा वाटतो.

१३/
कर्ण्याने मुंबईचा गवय्या आणला, रेडिओने हैदराबाद आणि पुणे आणले, कॅसेटने स्वतःच्या वाड्याचा आवाज प्रथमच यंत्रातून परत ऐकवला. चौथ्या यंत्राने जगभरचे संगीत आणले आहे. ट्रंकेत पडून असलेल्या फितींना त्यात जागा मिळते की नाही, हे नांदेड-लातूरच्या घराघरांत येत्या काही वर्षांतच ठरेल, कारण त्यानंतर त्या फिती वाजणार नाहीत.