रचलेली शांतता : भयपटांतील ध्वनीविषयी

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचे विभाव सांगताना भरताने विकृत आवाज, कोल्ह्या-घुबडांचा त्रास आणि ओस घरात किंवा अरण्यात जाणे ही सर्व कारणे एकाच दमात नोंदवली आहेत. वर्गात आपण ही यादी बहुधा वाचून पुढे सरकतो. आम्हांला मात्र ती भयपट पाहताना वारंवार आठवते. आवाज आणि शून्यागार एकमेकांशेजारी आल्याखेरीज भय निपजत नाही, ही गोष्ट चित्रपटकलेने बरीच सावकाश शिकून घेतली.

मूकपट निःशब्द होते, हा एक रूढ गैरसमज. मुर्नाऊच्या 'नोस्फेरातू'साठी (1922) हान्स एर्डमान यांनी वाद्यवृंदाचे संगीत रचले होते. शिवाय जिथे पात्रांचा आवाज मुळातच ऐकू येत नाही, तिथे त्यांचे गप्प होणे जाणवणार कसे? शांतता खऱ्या अर्थाने दाखवणे बोलपटालाच शक्य आहे, असे हंगेरियन समीक्षक बेला बालाझ यांनी म्हटले ते याच अर्थाने.

टॉड ब्राउनिंगच्या 'ड्रॅक्युला'त (1931) श्रेयनामावलीवर चायकोव्हस्कीच्या 'स्वान लेक'चे सूर वाजतात. पुढे संगीत जवळजवळ नाहीच. यामागे काही कलाविचार होता असे समजण्याचे कारण नाही. संवादांखाली पार्श्वसंगीत मिसळण्याची रीत तेव्हा रुळलेली नव्हती, आणि दृश्यात वाद्य नसताना हे सूर कुठून आले असे प्रेक्षक विचारतील, ही त्या काळच्या निर्मात्यांची धास्ती होती. पण या नाइलाजातून बेला लुगोसीच्या दोन शब्दांमधली पोकळी अशी काही भरून आली की ती आजही अंगावर येते. 1999 साली फिलिप ग्लास यांनी या चित्रपटासाठी नवे संगीत रचले व क्रोनोस क्वार्टेटने ते वाजवले. स्वतंत्रपणे ते ऐकण्याजोगे आहे. चित्रपटाचे मात्र त्याने नुकसानच केले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

योगायोगाने गवसलेली ही शांतता हेतुपूर्वक रचली गेली ती 'कॅट पीपल'मध्ये (1942). निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक जाक तुर्नर. आरकेओ कंपनीने ल्यूटनच्या भयपटांना दीड लाख डॉलरची मर्यादा घातली होती, त्यामुळे श्वापद दाखवण्याऐवजी ते ऐकवणे भाग पडले. रात्री उद्यानाच्या भिंतीकडेने ॲलिस चालली आहे, मागून इरेना. पार्श्वसंगीत नाही, केवळ दोघींच्या टाचांचा आवाज, आलटून पालटून. मग मागची पावले थांबतात. लक्षात घ्यावे, भय इथे सुरू होते, आवाज बंद पडल्यावर. ॲलिस वळून पाहते तर रस्ता रिकामा. ती धावू लागते, आणि अचानक हिंस्र फुत्कार कानी येतो. तो असतो थांबणाऱ्या बसचा! संकलक मार्क रॉबसन यांची ही करामत इतकी गाजली की असल्या क्लृप्तीला पुढे 'बस' हेच नाव पडले. नंतरच्या अनेक दिग्दर्शकांनी त्यातला दणका तेवढा उचलला. त्याआधीची पावले मोजण्याचा धीर त्यांच्यापाशी नव्हता. आजचे बहुतेक भयपट कान दुखवतात आणि घाबरवत नाहीत, याचे मूळ आम्हांला इथे दिसते.

'सायको'तला (1960) स्नानगृहातील खून संगीताविना दाखवण्याचा हिचकॉकचा मूळ विचार होता. बर्नार्ड हरमान यांनी तरीही तंतुवाद्यांचे ते चिरकणारे सूर लिहिले, आणि हिचकॉकने ते मान्य केले. या सुरांची चर्चा पुष्कळ झाली आहे. आम्हांला अधिक भेसूर वाटते ते त्यानंतरचे, सूर थांबल्यावर तसेच वाहत राहिलेले पाणी.

'द बर्ड्‌स'मध्ये (1963) तर पार्श्वसंगीतच नाही. ऑस्कर साला यांच्या ट्राउटोनियम या विद्युत्‌वाद्यावर पक्ष्यांचे कित्येक आवाज घडवले गेले. हरमान ध्वनिसल्लागार होते. शेतकऱ्याचे प्रेत पाहून लिडिया बाहेर पळत येते, तोंड उघडते, पण किंकाळी फुटतच नाही. भरताने भयानकाच्या अनुभावांत स्वरभेद सांगितला आहे. इथे त्याचे टोक गाठले गेले आहे. ती निघून जाते तेव्हा तिच्या गाडीचा घरघराट ऐकू येतो. गाडीच जणू आक्रोश करते आहे असे वाटावे, ही आपली योजना होती, हे हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोला मुलाखतीत सांगितले. त्याच मुलाखतीत शेवटच्या प्रसंगाचाही उल्लेख आहे. दार उघडते, समोर सर्वत्र पक्षी बसलेले. या क्षणी हिचकॉकला नुसती शांतता नको होती. दूरच्या समुद्रासारखा मंद, एकसुरी गुंजारव असलेली 'इलेक्ट्रॉनिक' शांतता त्याने मागितली होती. मंडळी दबकत मोटारीत बसतात आणि मोटार त्या पक्ष्यांमधून हळूहळू दूर जाते. चित्रपट संपल्याची पाटी हिचकॉकने दाखवलेली नाही.