रेघ ओढा, सूर ऐका

स्वरलिपी न शिकलेल्या मुलाला संगीत रचता येईल का? यानिस झेनाकिस हे इंजिनिअर आणि संगीतकार. १९५३-५४ मध्ये ‘मेटास्टासिस’ रचताना व्हायोलिनच्या मिंडी त्यांनी आलेख-कागदावर रेघांनी आखल्या. त्यातूनच १९७७ मध्ये पॅरिसला ‘यूपिक’ यंत्र झाले. आपण वर्गात काढतो तसाच आलेख: आडव्या अक्षावर काळ, उभ्यावर स्वराची उच्चनीचता. विजेच्या लेखणीने चढती रेघ काढली की सूर चढे. मुलेही त्यावर रचना करीत. पण संगणकाचे गणित उरकेपर्यंत थांबावे लागे. तोवर हाताची आणि कानाची सांगड तुटे. आम्हाला हीच खरी अडचण वाटते. १९८७ च्या आवृत्तीत रेघेपाठोपाठ आवाज येऊ लागला. २०१८ च्या ‘यूपीआयस्केच’ने हे तत्त्व मोबाइलवर आणले. तिथे मात्र काढणारे बोटच रेघ झाकते!