मॉड्यूल अनलोडिंगमधील रेस कंडिशन (लिनक्स कर्नल)

चालू लिनक्स कर्नलमधून एखादे मॉड्यूल काढले जात असताना दुसऱ्या सीपीयूवर त्याचा कोड चालू असणे किंवा नंतर चालायचा बाकी असणे, यातून उद्भवणारा दोष. मॉड्यूल हा कर्नलला चालू स्थितीतच जोडता येणारा कोड असून बहुतेक ड्रायव्हर व अनेक फाइल सिस्टिम याच रूपात असतात. ‘आरएमएमॉड’ ही आज्ञा दिल्यावर ‘डिलीट_मॉड्यूल’ हा सिस्टिम कॉल होतो, मॉड्यूलचे एक्झिट फंक्शन चालते आणि मग त्याची मेमरी मोकळी केली जाते. त्या मेमरीतल्या एखाद्या फंक्शनचा पत्ता कुठे शिल्लक राहिला आणि तो पुढे वापरला गेला, तर कर्नल ‘ऊप्स’ हा गंभीर दोषाचा संदेश देतो. इंटरप्ट हाताळताना असे घडल्यास संपूर्ण यंत्रणा थांबते.

वापरसंख्या शून्य असेल तरच मॉड्यूल काढता येते; पूर्वी मॉड्यूल ही संख्या ‘मॉड_इंक_यूज_काउंट’ या मॅक्रोने स्वतःच वाढवत असे. संख्या वाढवणारा कोड मॉड्यूलच्या आतच असल्याने तो चालण्याआधी मॉड्यूलमध्ये प्रवेश झालेला असे. संख्या घटवल्यावरही फंक्शनमधून परतण्यापुरता कोड उरे. या दोन फटींपैकी कोणत्याही फटीत मॉड्यूल काढले गेले, तर बसलेल्या फांदीवरच कुऱ्हाड. आतून कितीही काळजी घेतली तरी हा दोष जात नाही. मोजणी बाहेरच्यानेच करावी लागते. कर्नलच्या २.४ मालिकेत अनेक रचनांमध्ये मालक मॉड्यूल दाखवणारे ‘ओनर’ हे क्षेत्र आले, ते याचसाठी. २००२ मध्ये रस्टी रसेल यांनी २.५ मालिकेत मॉड्यूल लोडर नव्याने लिहिला आणि ‘ट्राय_मॉड्यूल_गेट’ व ‘मॉड्यूल_पुट’ ही जोडी रूढ झाली. आत शिरण्याआधी कर्नलचा मूळ भाग पहिले फंक्शन वापरतो. मॉड्यूल ‘गोइंग’ स्थितीत गेले असेल तर ते अपयशी ठरते आणि प्रवेश नाकारला जातो. संख्या शून्य आहे की नाही हे तपासताना ती मध्येच वाढू नये म्हणून ‘स्टॉप_मशीन’ने सगळे सीपीयू थांबवले जात. मासामी हिरामात्सू यांनी एकच ‘ॲटॉमिक’ (अविभाज्य) गणक वापरून ती गरज संपवली; हा बदल ३.१९ आवृत्तीत (२०१५) आला.

वापरसंख्या फक्त समोरच्या दाराने येणाऱ्यांची असते. खरा घोळ होतो तो मॉड्यूलने स्वतः मागे ठेवलेल्या कामांमुळे: टायमर, वर्कक्यू, कर्नल थ्रेड, आरसीयू (रीड-कॉपी-अपडेट) कॉलबॅक. यांची नोंद त्या संख्येत नसते. म्हणून एक्झिट फंक्शनने आधी नोंदणी रद्द करून नवे काम येण्याची वाट बंद करायची, मग चालू कामे संपेपर्यंत थांबायचे आणि शेवटी मेमरी सोडायची. इंटरप्टसाठी ‘फ्री_आयआरक्यू’ चालू हँडलर संपण्याची वाट स्वतःच पाहते. वर्कसाठी ‘कॅन्सल_वर्क_सिंक’ असते. मात्र टायमर वर्क लावतो आणि वर्क पुन्हा टायमर चालू करते, अशी साखळी असेल तर कोणताही क्रम पुरत नाही. ६.२ आवृत्तीत (२०२३) आलेले ‘टायमर_शटडाउन_सिंक’ टायमर बंद करून तो पुन्हा चालू होऊच देत नाही.

आरसीयूच्या बाबतीत चूक सहज होते. ‘सिंक्रोनाइझ_आरसीयू’ आधीपासून वाचत असलेल्यांसाठी थांबते, पण ‘कॉल_आरसीयू’ने रांगेत लावलेले कॉलबॅक त्यानंतरही उरलेले असू शकतात. ते संपेपर्यंत थांबण्यासाठी ‘आरसीयू_बॅरियर’ लागतो, तोही नवे कॉलबॅक लावणे बंद केल्यावर. थ्रेडची अडचण पुन्हा त्या जुन्या फटीचीच: ‘संपलो’ असे कळवल्यानंतरचा कोडही मॉड्यूलमध्ये असतो. त्यामुळे कळवणे आणि थ्रेड संपवणे या दोन्ही गोष्टी कर्नलच्या मूळ भागातील एकाच फंक्शनकडे सोपवल्या जातात.

वाट पाहण्यातही धोका आहे. वर्कला जे म्युटेक्स हवे असते तेच धरून ‘कॅन्सल_वर्क_सिंक’ बोलावले, तर दोघेही एकमेकांसाठी कायमचे अडकतात. नेटवर्क ड्रायव्हरचे वागणे वेगळे आहे: इंटरफेस चालू असतानाही ते काढता येतात आणि उपकरणावरचे सगळे संदर्भ सुटेपर्यंत अनलोडिंग थांबून राहते. एखादा संदर्भ सुटलाच नाही तर लॉगमध्ये तीच तक्रार पुन्हा पुन्हा उमटत राहते.

कर्नल तयार करताना सक्तीने काढण्याचा पर्याय ठेवला असेल, तर ‘आरएमएमॉड -एफ’ने वापरसंख्या डावलता येते. तसे केल्यास कर्नलवर ‘टेंटेड’ (डागाळलेला) अशी खूण बसते; हा पर्याय केवळ प्रयोगाच्या यंत्रावर वापरावा. चाचणीसाठी भाराखाली मॉड्यूल वारंवार चढवून-उतरवून पाहतात. चालू टायमर असलेली मेमरी सोडली गेल्यास ‘डीबग ऑब्जेक्ट्स’ची सोय ते दाखवून देते, तर ‘डीबग_कोऑब्जेक्ट_रिलीज’ हा पर्याय रिलीज फंक्शन मुद्दाम उशिरा चालवून लपलेली चूक उघडी पाडतो.

विंडोजमध्ये प्रलंबित कामे रद्द न करता ड्रायव्हर उतरला, तर ०एक्ससीई या क्रमांकाची निळी स्क्रीन येते. तेथील ‘आयओक्यूवर्कआयटम’ काम संपेपर्यंत उपकरणाचा संदर्भ बाहेरून धरून ठेवते. फ्रीबीएसडी मात्र काढण्यापूर्वी मॉड्यूलला ‘मॉड_क्वायस’ ही सूचना देऊन विचारते, आणि मॉड्यूल तेव्हा नकार देऊ शकते.