कमान, पाटे आणि एका अंगाला झुकलेली पद्मिनी

बैलगाडी भरताना शेतकरी आधी ओझं कुठं ठेवायचं ते पाहतो. मागं वजन जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं. पुढं जास्त झालं की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. गाडीचा तोल सांभाळण्याची विद्या मोटारीपेक्षा कितीतरी जुनी आहे.

स्प्रिंगचं शास्त्र रॉबर्ट हूकनं १६७८ मध्ये मांडलं. जेवढा भार, तेवढी स्प्रिंग दबते, असा त्याचा साधा नियम. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात ओबादिया इलियटनं घोड्याच्या बग्गीला पोलादी पट्ट्यांच्या कमानी बसवल्या आणि प्रवाशांची हाडं वाचली. तीच कमान पुढं मोटारीखाली आली. आपले मिस्त्री तिला ‘पाटे’ म्हणतात.

आपल्याकडच्या मोटारीची गोष्ट सोलापूरच्या वालचंद हिराचंदांपासून सुरू होते. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. तीच १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. पुढच्या चाकांना गुंडाळी स्प्रिंग, मागं सलग धुरा आणि त्याखाली पाटे, अशी तिची बैठक. कित्येक घरांतली ती पहिली मोटार. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली.

अशीच एक पद्मिनी आमच्या शहरात माझ्या मित्राच्या दारात उभी असते. वडिलांच्या पश्चात त्यानं ती विकली नाही. त्याच्या मुलाला मात्र ती खाली बसलेली, रुबाबदार हवी होती. ही हौसही जुनीच. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली मेक्सिकन वंशाची मुलं डिकीत वाळूची पोती टाकून, स्प्रिंगा कापून गाड्या जमिनीलगत आणत. तिथं कायद्यानं त्यावर बंदी आली आणि ती पूर्णपणे उठली २०२४ मध्ये.

मुलानं पुढच्या दोन्ही स्प्रिंगांचा एकेक वेढा कापून घेतला. गाडी खाली आली, पण वाकडी. चालकाच्या बाजूची पुढची कड दोन बोटं खाली. कुणी म्हणालं, रबर भरा. कुणी म्हणालं, दुसरी बाजूही अजून कापा. मित्र हळहळत म्हणाला, “अब्बांची गाडी लंगडी झाली.”

आम्ही ती एका वयस्क मिस्त्रींकडे नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांचे वडील टांग्यांचे पाटे ठोकत. चाचांनी आधी चारही चाकांत हवा सारखी केली, गाडी सपाट फरशीवर घेतली. मग टेपनं चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही ठिकाणी मोजून खडूनं लिहिली. नंतर पुढच्या चाकांना दगड लावून मागच्या धुऱ्याच्या बरोब्बर मध्ये, डिफरन्शियलच्या गोळ्याखाली जॅक दिला. मागची चाकं जेमतेम उचलली आणि पुढचा भाग सरळ झाला!

“आजार पुढं दिसतो, दुखणं मागं आहे,” चाचा म्हणाले. मध्यावर तोललेला धुरा गाडीला कुठल्याच बाजूला ढकलू शकत नाही. तरीही पुढचा भाग वाकडाच राहिला असता, तर दोष पुढच्या स्प्रिंगांचा ठरला असता. मागचे पाटे उकलले, तेव्हा कधीकाळी फक्त डाव्या बाजूला एक जादा पट्टी घातलेली निघाली. तो कोपरा उचलला जायचा आणि समोरचा उजवा कोपरा दबायचा. जादा पट्टी काढली, गंज घासला, दोन्ही बाजूंची कमान सारखी केली. बुशचे बोल्ट मात्र चाचांनी गाडी चाकांवर उभी केल्यावरच आवळले. हवेत आवळले, तर रबराला पीळ पडून गाडी पुन्हा तिरकी बसते.

गाडी सरळ झाली. मग चाचांनी मुलाला जवळ बसवलं. वेढा कमी झाला की स्प्रिंग कडक होते, आणि खाली यायला जागाही उरत नाही. मग प्रत्येक गतिरोधकावर दणका बसणारच. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. मूळ रचनेविरुद्ध बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये बजावलं आहे. महिन्याभरानं मुलानंच मूळ मापाच्या स्प्रिंगा शोधून आणल्या.

परवा तो मित्राला त्याच पद्मिनीतून स्टेशनवर सोडायला निघाला होता. मी सवयीनं वाकून चारही कडा पाहिल्या. त्या सारख्या होत्या. चाचांच्या दुकानात आता हाताखाली पोरगा नाही. तो जॅक कुठं लावायचा, हे त्यांच्यानंतर कुणाला ठाऊक असेल?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)